परतून आलेल्याचा मान

आमच्या गावातले एक माजी सैनिक येत्या मार्गशीर्षात वयाची शंभरी पूर्ण करतील. निवृत्त झाले ते नाईक या हुद्द्यावरून, पण आमच्याकडं फौजेतून परतलेला प्रत्येक जण 'मेजर'च असतो, तसे तेही साठ वर्षांहून अधिक काळ गावाचे मेजर आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या या गावात गेल्या महिन्यात ग्रामसभा झाली आणि तिच्यातले दोन तास मेजरच्या शंभरीवर गेले. एका बाजूचं म्हणणं, वेशीवर नवी कमान झाली आहे तिला त्यांचं नाव द्या, फेटे बांधा, उघड्या जीपमधून हलगीच्या तालावर मिरवणूक काढा. दुसऱ्या बाजूचा सवाल, त्यांनी असं केलं तरी काय? शौर्यपदक नाही, अंगावर गोळीची खूण नाही, नोकरीची सुरुवात इंग्रजांच्या फौजेत. जास्त जगले, एवढंच. मान करायचा तर शहिदाचा करा. आवाज चढले, जुनी भाऊबंदकी वर आली आणि ठराव न होताच सभा उठली.

मी मागच्या ओळीत बसलो होतो. त्या गोंगाटात मला काही धडपणी मांडता आलं नसतं, म्हणून इथं लिहितो. मेजरचा मान गावानं केलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण तो पराक्रमाचा नको आणि वयाचाही नको. जे युद्धावर गेले आणि तिकडंच राहिले, जे परत आले आणि गेल्या ऐंशी वर्षांत एकेक करून सरले, त्या सगळ्यांच्या वतीनं बोलू शकेल असा हा आमच्यातला शेवटचा माणूस आहे. मान त्या साक्षीचा करायचा आहे. साक्षीचा मान ती ऐकून, लिहून घेऊनच होतो. शाल-श्रीफळ त्यानंतर आलं काय आणि नाही आलं काय, फरक पडत नाही.

सभेत भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचा तराजू एकच होता, हे मला जास्त लागलं. किती मारले, किती गोळ्या झेलल्या, छातीवर काय लागलंय. विरोधकांनी त्या तराजूत मेजरना टाकून हलकं ठरवलं. समर्थकांनी काय केलं? त्याच तराजूत वजन वाढवलं. फलकाचा मजकूर सभेआधीच सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता : शत्रूला सळो की पळो करून सोडणारे रणझुंजार, अमुक आघाडीचे वीर. मेजरनी आयुष्यात असा दावा कधी केलेला नाही. शंभर वर्षांच्या माणसाच्या नावावर खोटा पराक्रम चिकटवणं हा मला त्यांचा मान न करण्यापेक्षा मोठा अपमान वाटतो. खोटं जोडावं लागतंय, म्हणजे खरं आहे ते आपल्याला पुरेसं वाटत नाही, असाच त्याचा अर्थ.

मग खरं काय आहे? मेजर १९४३ साली अठराव्या वर्षी भरती झाले. घरी कोरडवाहू जमिनीचा तुकडा आणि पाच भावंडं. त्यांना पलटणीत घेतलं नाही, पुरवठ्याच्या खात्यात घेतलं आणि खेचरांच्या कंपनीत टाकलं. १९४४ च्या हिवाळ्यात ते इटलीत होते, फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरात. तिथं रस्ते चिखलात बुडाले की गाडी चालत नसे, जीप चालत नसे, खेचर तेवढं चालायचं. रात्र पडली की प्रत्येकानं आपलं खेचर धरून ओळीनं डोंगर चढायचा. दिवा नाही, बोलणं नाही, विडी नाही. "वर न्ह्यायचं ते पाणी, काडतुसं आन् डबं. खाली आणायचं ते जखमी, न्हाईतर मेल्यालं," असं ते सांगतात. सांगताना त्यांचा उजवा हात नकळत मुठीत वळतो आणि अंगठा मुठीवर घट्ट बसतो, लगाम धरल्यासारखा. ऐंशी वर्षं झाली, हाताची ती घडी मोडलेली नाही. खेचराच्या खुरावर डागलेला नंबर त्यांना अजून पाठ आहे. त्यांनी लढाईत गोळी झाडली नाही हे खरंच आहे. पण त्यांनी वर नेलेल्या पाण्यावर आणि काडतुसांवर जे लढले, त्यांतल्या कोणी कधी विचारलं असेल का, की हा खेचरवाला सैनिक की कोण?

आपल्याला परत आलेल्याचा मान कसा करायचा हे सुचत नाही, त्याचं मूळ जुनं आहे. आमच्या तालुक्यातल्या बीड गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड, पाहायला माणसं लांबून येतात. वीरगळाची रचना ठरलेली असते. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे त्या दगडात खालच्या चौकटीतून वरच्या चौकटीत जायचं तर मरावंच लागतं. लढाई करून संध्याकाळी घरी आलेल्या, दुसऱ्या दिवशी औत धरलेल्या माणसाला त्या दगडात चौकटच नाही. मला वीरगळांबद्दल अपार आदर आहे. ज्या काळात सामान्य माणसाचं नाव कुठंच उरत नव्हतं, त्या काळात गावानं त्याच्यासाठी दगड घडवला. पण हजार वर्षांपूर्वीची ती चौकट आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की मरण आलं नाही म्हणजे काहीतरी कमी पडलं, असं आपण आजही धरून चालतो.

पन्हाळ्यावर जा. बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशिदांची समाधी आहे, आणि दर जुलैमध्ये हजारो पोरं पावसातून पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. मीही गेलो आहे. ज्यांनी जीव दिला त्यांचं स्मरण झालंच पाहिजे. पण १३ जुलै १६६० ला खिंडीतून जे बांदल जखमा घेऊन जिवंत सुटले असतील, त्यांचं पुढं काय झालं असेल, हा प्रश्न त्या वाटेवर कोणी विचारत नाही. महाराजांनी मात्र तो विचार केला होता. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडं होता, तो बांदलांच्या घराकडं गेला, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. मान घराला मिळाला. म्हणजे त्या घरातल्या मेलेल्यांबरोबर जिवंतांनाही मिळाला. हे उदाहरण आपल्याच मातीत असताना आपण अर्धंच का धरून ठेवलं?

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडं येतो. ते सगळेच उथळ नाहीत. त्यांतला सर्वांत वजनदार मुद्दा हा, की आधी शहिदांकडं बघा. आमच्याच पंचक्रोशीत अशा बायका आहेत ज्यांचं कुंकू पुसलं गेलं तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या. त्यांच्या दारात वर्षातून दोनदा, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, हार घेऊन माणसं जातात आणि मधले दिवस कोणी फिरकत नाही. त्यांना डावलून कोणाचा सत्कार होत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण मेजरचा मान केल्यानं त्यांचा वाटा कमी कसा होतो? जो मेला तो कसा मेला, शेवटी काय बोलला, त्याला कुठं ठेवलं, हे सांगणारा कोण असतो? शेजारी उभा असलेला, आणि वाचलेला. मेजरबरोबर गडहिंग्लज तालुक्यातला एक पोरगा होता. डोंगराच्या कडेवरून त्याचं खेचर घसरलं आणि त्यानं लगाम सोडला नाही. त्याच्या घरी तार गेली असेल, त्यात दोन ओळी असतील. तो लगाम का सोडला नाही, आदल्या रात्री काय बोलत होता, घरी किती पैसे पाठवायचे म्हणत होता, हे आज जगात एकाच माणसाला माहीत आहे. मेजर गेले की तो पोरगा दुसऱ्यांदा जाईल.

फ्रान्समधलं उदाहरण मला इथं फार जवळचं वाटतं. लझार पाँतिचेली हे पहिल्या महायुद्धात लढलेले तिथले शेवटचे सैनिक. १२ मार्च २००८ ला, ११० व्या वर्षी गेले. सरकारनं त्यांच्यासाठी राष्ट्रीय इतमामात अंत्यसंस्कार करायचं आधीच ठरवलं होतं, पण त्यांनी नकार दिला होता. आजवर जे कोणत्याही मानाशिवाय गेले त्यांचा तो अपमान होईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते राजी झाले ते साधा विधी असेल आणि तो सगळ्या सोबत्यांच्या नावानं होईल, या अटीवर. जिवंत राहिलेल्या सैनिकाचा मान आणि मेलेल्याचा मान यांत भांडण लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ज्याला तो मान मिळत होता, त्यानंच तो मेलेल्यांच्या पदरात टाकला. आपल्याकडं काय आहे? पहिल्या महायुद्धात १० लाखांहून अधिक भारतीय परदेशी गेले, ७४ हजारांच्या आसपास परतले नाहीत. दक्षिण महाराष्ट्रातली मराठा पलटणीतली माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती, कूतच्या वेढ्यात अडकली, खेचरं-घोडी मारून खाल्ली गेली ते पाहिलं. आपल्या जिल्ह्यातला त्या युद्धातला शेवटचा सैनिक कोण होता, तो कोणत्या वर्षी गेला, जाण्याआधी त्याला कोणी काही विचारलं होतं का? ज्या गावाला सैनिक टाकळी असं नाव पडलं, त्या शिरोळ तालुक्यातल्या गावाचा आपल्याला अभिमान आहे, भाषणांत आपण ते नाव घेतो. पण पहिल्या पिढीच्या तिथल्या माणसांच्या तोंडचं आपल्याकडं किती आहे?

दुसरा मुद्दा इंग्रजांच्या चाकरीचा. हा मुद्दा काढणाऱ्याला देशद्रोही म्हणून गप्प करायचा प्रयत्न सभेत झाला, तो चुकीचा होता. प्रश्न रास्त आहे. १९४२ साली कोल्हापुरात काय चाललं होतं? भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी भर चौकात विल्सन गव्हर्नरच्या पुतळ्याला डांबर फासलं. पुढं त्याच जागेवर १९४५ मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. आज आपण त्याला शिवाजी चौक म्हणतो. या बायका तुरुंगाला तयार होत होत्या, तेव्हा आमच्या गावची पोरं त्याच सरकारच्या भरतीत छाती मोजून घेत होती. हे दोन्ही एकाच मातीतलं, एकाच काळातलं. त्यातलं एक झाकून ठेवून दुसऱ्याचा सत्कार करायचा नाही.

पण दोन गोष्टी नीट बघाव्या लागतील. भरतीला गेलेला अठरा वर्षांचा पोरगा साम्राज्य राखायला गेला होता का? दुसऱ्या महायुद्धात २५ लाख भारतीय फौजेत होते आणि कोणालाही सक्तीनं नेलेलं नव्हतं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण घरच्या रिकाम्या कणगीची सक्ती सरकारच्या सक्तीपेक्षा कमी असते का? मेजरना विचारलं तर ते एका वाक्यात सांगतात, "पगार व्हता आन् पोटभर जेवान व्हतं." दुसरी गोष्ट, ते युद्ध कोणाविरुद्ध होतं? या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरकराला लांब शोधावं लागत नाही. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्यात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. युद्धानं त्यांचं घरदार, देश सगळं हिरावलं होतं. त्यांतल्या कित्येकांचे बाप आणि भाऊ पोलिश फौजेतून इटलीत लढत होते. १८ मे १९४४ ला पोलिश सैनिकांनी तिथल्या मोंते कासिनोच्या डोंगरावरचा मठ घेतला. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच डोंगरावर चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान पडले होते. म्हणजे त्या मुलांना आपण इथं भाकरी दिली आणि त्यांच्या बापांच्या शेजारी आपली पोरं तिकडं डोंगर चढत होती. वळिवड्यात वाढलेली ती मुलं म्हातारी झाल्यावर काठी टेकत कोल्हापूर बघायला आली, महावीर उद्यानाजवळ त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, पोलंडची राजधानी वॉर्सा इथं कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक आहे. पाच वर्षांच्या आश्रयाची आठवण त्यांनी सत्तर वर्षं जपली. आपण आपल्याच पोरांनी तिकडं काय केलं याची आठवण जपली का?

आणि तीच माणसं १९४७ नंतर कोणाची होती? कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्सचे जवान विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत सामावले गेले. १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये जी फौज उतरली, ती एका रात्रीत तयार झाली नव्हती. ती आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात शिकून आलेली फौज होती. मेजरनीही काश्मीरच्या डोंगरात खेचरं हाकली. खेचर तेच, चढ तसाच, फक्त झेंडा आपला. त्यांची इंग्रजी अमदानीतली चार वर्षं कापून टाकायची आणि पुढची चौदा ठेवायची, असा हिशेब माणसाच्या आयुष्याचा होतो का? शिवाय त्या युद्धातून परतलेल्या असंख्य सैनिकांना पेन्शन मिळालीच नाही, कारण युद्ध संपताच त्यांना घरी धाडलं आणि पेन्शनला लागणारी पंधरा वर्षांची नोकरी भरली नाही. इंग्रजांनी त्यांना वापरून सोडलं. आपण 'इंग्रजांचा सैनिक' म्हणून पुन्हा सोडायचं?

जास्त जगणं ही कामगिरी नाही, हा तिसरा मुद्दा. मान्य. कोणी किती जगावं हे त्याच्या हातात नसतं, आणि नुसत्या वयाचा सत्कार करायचा तर गावात नव्वदीच्या पुढच्या दहा-बारा म्हाताऱ्या आहेत, त्यांनी आयुष्यभर काढलेल्या कष्टांपुढं कोणाचंही काही नाही. पण पहिल्या महायुद्धात सेवा केलेली जगातली शेवटची व्यक्ती म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या फ्लॉरेन्स ग्रीन कोण होत्या? ब्रिटनच्या हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वाढप करणाऱ्या एक बाई. फेब्रुवारी २०१२ मध्ये ११० व्या वर्षी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला हवाई दलानं मानवंदना दिली, ती काय त्यांनी वाढलेल्या जेवणासाठी होती? त्यांच्याबरोबर एक अख्खी पिढी संपली म्हणून होती. शेवटच्या माणसावर सगळ्यांचं वकीलपत्र आपोआप येऊन पडतं. मेजरनी ते मागितलेलं नाही. सोबतचे एकेक करून गेले आणि ते त्यांच्या हातात राहिलं.

चौथा आक्षेप सभेत एका तरुण मुलीनं घेतला, आणि तो मला विचार करायला लावणारा होता. अशा मिरवणुकांनी युद्धाची हौस वाढते, असं ती म्हणाली. टीव्हीवर रोज युद्ध मागणारी माणसं दिसतात, त्यांच्या हातात आपण आणखी एक फलक का द्यायचा? मिरवणुकीबद्दल तिचं बरोबर आहे. पण युद्ध पाहिलेल्या म्हाताऱ्याशेजारी तासभर बसलं तर ती हौस वाढते की उतरते? हॅरी पॅच हे इंग्लंडमधले खंदकात लढलेले शेवटचे सैनिक. वयाच्या शंभरीपर्यंत त्यांनी युद्धाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा युद्ध म्हणजे कायद्यानं केलेला खून, असं स्पष्ट सांगितलं. जुलै २००९ मध्ये १११ व्या वर्षी ते गेले, तर त्यांच्या शवपेटीबरोबर बेल्जियम आणि फ्रान्सच्या सैनिकांच्या बरोबरीनं जर्मनीचे सैनिकही चालले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार तिथं एकही शस्त्र नव्हतं. ज्यांच्याशी लढले त्यांच्याच नातवंडांच्या सोबतीनं गेले. याहून मोठा शांतीचा धडा कोणत्या भाषणात मिळतो? मेजर युद्धाबद्दल कधी जोरात बोलत नाहीत. एकदा मी विचारलं, जर्मन दिसला होता का? म्हणाले, "पकडल्याला बघितला. माझ्याच वयाचा व्हता. पायात बूट न्हवतं. लई थंडी व्हती." एवढंच, आणि मग बराच वेळ गप्प. हे गप्प राहणं गावातल्या दहावीच्या पोरांनी बघावं असं मला वाटतं.

अनुभवी सैनिकाचं ऐकलं नाही तर काय होतं, याचं उदाहरणही कोल्हापूरकरांनी विसरू नये असं आहे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात इथलेच. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी नाव कमावलं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना मार्च १९६० मध्ये त्यांनी 'लाल किल्ला' या नावानं सराव घेतला आणि चीननं हल्ला केला तर कुठं, कसा येईल आणि आपलं काय होईल, ते वरिष्ठांपुढं मांडलं. ते मनावर घेतलं गेलं नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६२ च्या ऑक्टोबरात त्यांनी सांगितलं तसं घडलं. १९९२ मध्ये ते गेले. मोठा हुद्दा असलेल्याचं ऐकलं गेलं नाही, तिथं खेचर हाकणाऱ्या नाईकाचं कोण ऐकणार, असं कोणी म्हणेल. पण थोरातांचं म्हणणं निदान कागदावर होतं. म्हणून आज आपण ते सांगू शकतो.

मग गावानं करावं काय? कमानीला नाव देण्याला माझा विरोध नाही, पण कमान बोलत नाही. पहिली गोष्ट अगदी साधी आहे. दर वर्षी नोव्हेंबरात पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासून सवलत आहे. दोन वर्षांपूर्वी मेजरना त्यासाठी एका कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या. आयुष्यभर लगाम आणि मग नांगर धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. नातवानं त्यांना पाठुंगळी घेऊन जिना चढवला. समोर बसलेला माणूस जिवंत आहे हे यंत्र मानत नव्हतं आणि यंत्र मानत नाही म्हणून माणूस मानत नव्हता. चेहरा दाखवून मोबाईलवर दाखला देण्याची सोय आहे. गावातली दहा पोरं ते शिकली तर तालुक्यातल्या एकाही म्हाताऱ्या सैनिकाला किंवा सैनिकाच्या विधवेला जिना चढावा लागणार नाही. दुसरी गोष्ट पैशाची. नियमानं ८० व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के, म्हणजे दुप्पट. पण जुन्या पेन्शनच्या कागदांवर पुष्कळदा जन्मतारीखच नसते. मेजरच्या कागदावर भरतीच्या वेळचं नुसतं वय आहे. तारीख सिद्ध करायची तर शाळेचा दाखला हवा आणि ते शाळेत गेलेले नाहीत. मिरवणुकीच्या वर्गणीतली निम्मी रक्कम आणि कागदाची भाषा कळणारा एक माणूस यासाठी लागला, तर या मार्गशीर्षात त्यांच्या हक्काचं त्यांच्या हातात पडेल.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख. त्यांचं बोलणं नोंदवून घ्या. त्यांच्याच बोलीत, त्यांना येईल त्या क्रमानं, मधल्या गप्प बसण्यासकट. ज्या ठिकाणी ते इंग्रज साहेबाला चांगला म्हणतील तेही ठेवा, जिथं आपल्याच माणसाला वाईट म्हणतील तेही ठेवा. शिवाजी विद्यापीठ आपल्या दारात आहे, संस्थानचे कागद सांभाळणारं पुराभिलेखागार शहरात आहे, गावातल्या प्रत्येक पोराच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारं यंत्र आहे. जिल्ह्यात १९६२, १९६५ आणि १९७१ ची माणसं अजून आहेत. १९७१ ला विशीत असलेला आज पंच्याहत्तरीला पोचला आहे. त्यांच्याकडं जायला आपण त्यांच्याही शंभरीची वाट बघणार का? मोठा खर्च नको, आवाज नको. याच शहरानं ६ मे २०२२ ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता १०० सेकंद जागच्या जागी थांबून दाखवलं होतं. रिक्षा थांबल्या, भाजीवाल्या थांबल्या. गाजावाजा न करता मान कसा करावा हे कोल्हापूरला कोणी शिकवायला नको.

परवा संध्याकाळी मी मेजरकडं गेलो होतो. ते सोप्यात बसले होते, चपला नेहमीसारख्या भिंतीला समांतर, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या. कोपऱ्यात ती लोखंडी ट्रंक, पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव लिहिलेली. नावातली दोन अक्षरं गंजात गेली आहेत. ग्रामसभेत काय झालं ते त्यांच्या कानावर आलं होतं. कमानीबद्दल ते काही बोलले नाहीत. आम्ही पाच जणांनी रविवारी सकाळी येऊन त्यांचं बोलणं नोंदवायचं ठरवलंय, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "त्या गडहिंग्लजकडच्या पोराचं नाव त्यात येईल का?" येईल म्हणालो. "मग आधी त्येचं सांगतो," म्हणाले. ते नाव त्यांनी मला त्याच वेळी सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मी ते इथं लिहीत नाही. रविवारी ते पहिल्यांदा त्यांच्या तोंडून नोंदलं जाऊ दे.